नानासाहेबांचा जोडलेला नारळ

नानासाहेबांचा एक पाय गाडीत, एक बाहेर. आणि मी त्यांना सांगत होते, "नानासाहेब, तुमचा एकही फोटो निघाला नाही."

नानासाहेब म्हणजे आमच्या जिल्ह्यातले माजी मंत्री. किन्हीराजा गावात गोदामाच्या भूमिपूजनाला आले होते. मी वर्तमानपत्रात महिनाभराच्या ट्रायलवर होते आणि एकटीवर सोपवलेला हा पहिलाच कार्यक्रम. तो बिघडला असता तर मी परत रिसोडला, मामूंच्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम चिकटवायला.

झालं असं की मेमरी कार्ड, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो ज्यावर साठतात ते, मी ऑफिसच्या कॉम्प्युटरलाच विसरले होते. माझा जुना कॅमेरा कार्ड नसलं तरी खुशाल खटखट वाजतो. कोपऱ्यात बारीक सूचना येते, पण ती बघायला डोकं ठिकाणावर लागतं. मी आपली "साहेब, इकडे बघा, थोडं हसा" करण्यात गुंग. नारळ फुटला, कुदळ मारून झाली, प्रसाद वाटायला सुरुवात झाली, तेव्हा मी फोटो बघायला गेले, तर आत एकही नाही. दुसऱ्या पेपरवाल्याकडे फोटो मागता आला असता. पण तासाभरात त्याने माझी फजिती जिल्हाभर केली असती.

"म्हंजे मी अर्धा घंटा कोनासाठी हासून राह्यलो?" नानासाहेबांनी विचारलं.

"चूक माझीच आहे, साहेब. एकदा परत नारळ फोडता का?" लग्नात मी नवरा-नवरीला तीन-तीनदा हार घालायला लावायचे. तीच सवय तोंडातून निघाली.

त्यांचा पीए खेकसला, "ओ मॅडम, साहेबाले पुढं सभा हाय."

नानासाहेबांनी पाय खाली घेतला. "थांब रे. पोरीनं खोटं तर नाई सांगतलं. आना नारळ."

दुसरा नारळ नव्हताच. पहिल्याचं खोबरं वाटून संपलेलं. शेवटी ताटातून दोन रिकाम्या करवंट्या आल्या. नानासाहेबांनी त्या जोडून मुठीत धरल्या, दगडावर नेम धरला. मागे पदाधिकारी पुन्हा रांगेत उभे राहिले. मी मोबाईलवर पाच फोटो काढले. जिवात जीव आला.

वाशिमला ऑफिसात आमचे संपादक इंगोले सर फोटो मोठा करून बघत बसले.

"नसरीन, हे मांगचे सहा जन गाल फुगवून काहून उभे हायत?"

मी बघितलं. सहाही जणांच्या तोंडात खोबरं. एकाच्या तर मिशीलाही. पुढे नारळ फुटायचाय आणि मागे प्रसाद सुरू.

मी सगळं सांगून टाकलं. सर पोट धरून हसले, मग एकदम गंभीर झाले. "भूमिपूजनाचा म्हनून हा नाई छापता येत. जे झालं तेच फोटोओळीत लिही." फोटोओळ म्हणजे फोटोखालची ओळ.

"सर, नानासाहेब चिडले तर माझी नोकरी जाईल."

"चिडू दे. लिही."

लिहिलं. 'नारळ आधीच फुटला होता. आमच्या छायाचित्रकार कार्ड विसरल्यामुळे नानासाहेबांनी करवंट्या जोडून पुन्हा पोझ दिली.' आपल्याच हाताने आपली अब्रू छापायला दिली, असं वाटलं. रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेबांचा फोन. मी 'हॅलो'च्या आधी माफी मागायला लागले.

"माफी कायले मांगून राह्यली? इतक्या वर्षांत माह्या फोटोखाली पयल्यांदा खरं छापून आलं."

महिना संपला तेव्हा सरांनी मला कायम केलं. या प्रकारातून मी शिकले ते एवढंच. मोकळेपणाने सांगितलं तर नेता पुन्हा नारळ फोडायलाही तयार होतो. पण त्याच्या मागे कोण काय चघळतंय, ते फोटोग्राफरनेच बघायचं असतं.