संध्याचं पडवीतलं ऑफिस

संध्या गायकवाडनं राजीनाम्याचं पत्र पिंपळेबाईंच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मी समोरच्याच मशीनवर बसलो होतो. २००२ सालचा ऑगस्ट. ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. प्रकाशकांची पुस्तकं जुळवायची, तपासायची आणि छापखान्यात धाडायची, एवढंच आमचं काम. मी अक्षरजुळणी करायचो, संध्या मुद्रितं तपासायची. शहापूरजवळच्या सापगावाहून ती रोज यायची. सात वर्षांत तिच्या नजरेतून एक वेलांटी सुटलेली मला आठवत नाही.

पत्रातलं कारण साधं होतं. तिच्या सासूबाई, शालनआई, अंगणात घसरून पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. नवरा मुकेश कल्याणच्या कारखान्यात, मुलगी रश्मी दुसरीत. घरी दिवसभर कुणीतरी हवं होतं.

पिंपळेबाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत वेलांटी चुकलीय."

"कुठं?" संध्या लगेच टेबलावर वाकली.

"चुकलेली नाही. पण वाकलीस की नाही? असलं माणूस मी सोडत नसते. काम घरी घेऊन जा."

मी सापगावच्या जवळच्या स्टेशनाशी, आसनगावला राहायचो, त्यामुळे पुढचं माझ्याकडे आलं. सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आसनगावच्या रिक्षा स्टँडवर मी मुद्रितांचा गठ्ठा मुकेशच्या हातात द्यायचो आणि तपासलेला परत घ्यायचो. घरी फोन होताच. अडलं-नडलं तर संध्या दुपारी ऑफिसला फोन करायची.

पहिले तीन महिने ती खूष होती. जाण्यायेण्याचे चार तास वाचले, सासूबाईंचं सगळं वेळेवर व्हायला लागलं, रश्मीला शाळेतून आल्यावर आई दिसायला लागली. काम तर एवढं झपाट्यानं यायचं की माझी जुळणी पुरी पडेना.

मग हळूहळू बिघडत गेलं. हे मला कळलं ते नंतर, तिच्याच तोंडून. कामाला जागा अशी नव्हती. कागद कधी पलंगावर, कधी भाताच्या कुकरशेजारी. सकाळी उठल्यावर अंगात असलेला गाऊन रात्री झोपतानाही तोच. जेवण एका हातानं, दुसऱ्या हातात लाल पेन. त्यातून, बाई घरातच असते म्हटल्यावर आळीतल्या लोकांना ती रिकामीच वाटायची. कुणी रेशनकार्डाचा फॉर्म भरायला यायचं, कुणी तासभर पोर ठेवून जायचं. कंटाळून तिनं दार लावून घ्यायला सुरुवात केली. मग कुणीच येईना. मान आखडायला लागली, बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी फोन केला की "हं", "बरं", "पाठवते", एवढंच.

आणि मग मिठाची भानगड झाली.

एक पाककृतींचं पुस्तक होतं. त्यात आमटीला "एक चमचा मीठ" याऐवजी माझ्या हातून "एक वाटी मीठ" जुळलं गेलं. चूक माझी. पण ती धरायची संध्यानं, आणि तिनं पानावर "बरोबर" अशी खूण करून पान परत पाठवलं होतं. दोन हजार प्रती छापून झाल्यावर प्रकाशकाच्या बायकोनं ते वाचलं.

एकच उपाय होता. "चमचा" या शब्दाच्या बारीक चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि सगळ्या प्रती ऑफिसात आणल्या. संध्याही आली. मुकेशनं त्या दिवशी रजा घेतली होती. ती दारातून आत आली तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. पिंपळेबाईंनी तिच्यासमोर डिंकाची बाटली सरकवली आणि म्हणाल्या, "बस. दोन हजार चमचे चिकटवायचेत."

आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत चमचे चिकटवले. मध्ये बटाटेवडे आले. मी वडा खाऊन म्हटलं, "मीठ कमी आहे, वाटीभर घाला." संध्याला हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दादा, किती दिवसांनी मी माणसांत बसून काही खाल्लं!"

पिंपळेबाईंनी ते ऐकलं. निघताना त्यांनी तिला सांगितलं, "दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी इथं यायचं. काम असो नसो. डबा आणायचा, सगळ्यांबरोबर जेवायचं आणि जायचं."

महिन्यातला एक दिवस असा मार्गी लागला. बाकीच्या दिवसांचं शालनआईंनी मनावर घेतलं. तोवर त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण खुर्ची सोडायला त्या राजी नसायच्या. सूनबाई ठाण्याहून हसत आलेली त्यांनी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी परत गाऊनमध्ये पलंगावर कागद पसरून बसलेलीही पाहिली.

"संध्या, तू घरात हायस, पन आमाला गावत नायस," त्या म्हणाल्या. "हितं बसून ऑफिस व्हत नाय. उद्यापासून ऑफिसला जात जा."

"कुठल्या ऑफिसला, आई?"

"पडवीतल्या."

संध्याला वाटलं, थट्टा करतायत. पण शालनआईंनी मुकेशला रविवारी पडवीतून लाकडं आणि जुनी पिंपं बाहेर काढायला लावली. खिडकीशी टेबल लागलं, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आली. सोमवारी सकाळी त्यांनी पोळीभाजीचा डबा भरून संध्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "साडी नेस अन् पुढच्या दारानं बाहेर जा. पुलापातूर जाऊन ये. आन मग पडवीच्या दारानं आत."

सापगावचा पूल घरापासून वीसेक मिनिटांवर. खाली भातसा नदी. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात डबा अशी संध्या पहिल्या दिवशी निघाली तेव्हा आपण काय वेडेपणा करतोय असं तिला वाटत होतं. वाटेत शेजारच्या काशीबाई निचिते भेटल्या. त्यांची भातशेती नदीच्या अंगाला होती आणि त्या रोज त्याच वेळी शेतावर निघायच्या.

"कुठं चाल्लीस गो नटूनथटून?"

"ऑफिसला, काकी."

"आता गो! ऑफिस तर तुझं घरात."

"म्हणून तर लांबून जाते."

काशीबाई रस्त्यात उभ्या राहून हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या फाटकाशी थांबलेल्या दिसल्या. तिथून दोघींची रोजची सोबत ठरली.

पडवीच्या दारावर रश्मीनं खडूनं लिहिलं होतं : वेळ नऊ ते एक, दोन ते पाच. दाराबाहेर शालनआई खुर्ची टाकून बसायच्या. कुणी फॉर्म घेऊन आलं की म्हणायच्या, "मॅडम कामात हायत. पाचनंतर या." पाचनंतर मात्र संध्या सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायची, आणि लोकही आता वेळ बघून यायला लागले. दर तासाला शालनआई दारावर काठी वाजवायच्या. काठी वाजली की पेन खाली ठेवून संध्यानं उठायचं, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या. एका फेरीला शालनआई स्वतः तिच्याबरोबर निघायच्या. "ही नीट चालतेय का बघाया जाते," असं म्हणायच्या. तीन महिन्यांत वॉकर कोपऱ्यात गेला आणि संध्याच्या बोटांच्या मुंग्याही.

२००४ च्या सुरुवातीला आमच्याकडे शेतीतल्या शब्दांचा एक कोश आला. एका निवृत्त प्राध्यापकांनी वीस वर्षं खपून केलेला. मार्चमध्ये 'र'ची पानं सापगावला गेली. त्यात लिहिलं होतं : "राब — शेतातील केरकचरा जाळून टाकण्याची क्रिया."

योगायोगानं त्याच दिवसांत काशीबाईंच्या शेतात राब भाजायचं काम चाललं होतं. सकाळी पुलावरून परतताना संध्यानं त्यांना ती ओळ सांगितली.

"केर?" काशीबाई जागच्या जागी थांबल्या. "केर जाळाया मी रानातून डोक्यावर भारे आनते का? कुनी लिवलंय ह्ये?"

"मोठे प्राध्यापक आहेत, काकी."

"आसतील. चल माझ्यासंगं."

त्यांनी संध्याला बांधावर उभं केलं आणि हातानं दाखवत सांगितलं. खाली शेण, त्यावर झाडाचा पाला, त्यावर गवत, सगळ्यावर बारीक माती, आग एकदम भडकू नये म्हणून. वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं. "कचरा जाळाचा नसतो, जमीन भाजाची असते. मग तन येत नाय, आन पावसात हितंच रोप टाकाचं."

संध्या त्या दिवशी ऑफिसला तासभर उशिरा पोचली. शालनआईंनी उशिराबद्दल ऐकवलंच.

तपासनिसानं अर्थाला हात लावायचा नसतो, हा आमच्या धंद्यातला नियम. संध्यानं लावला नाही. पण समासात पेन्सिलीनं सगळं लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. पान प्राध्यापकांकडे गेलं. ते परत आलं तेव्हा त्यावर लाल अक्षरात एवढंच होतं : "कोण म्हणतं?"

संध्यानं खाली लिहिलं : "काशीबाई निचिते, सापगाव. चाळीस वर्षं राब भाजतात."

मला वाटलं, आता ही गेली. पिंपळेबाईंनाही धाकधूक होती. पंधरा दिवसांनी प्राध्यापकांचा फोन आला. त्यांनी ओरडायला केला नव्हता. ते विचारत होते, सापगावला यायला कुठल्या स्टेशनावर उतरायचं.

त्यांना घेऊन मीच गेलो. सत्तरीचे, बारीक, पांढऱ्या बुशशर्टातले गृहस्थ. सकाळी दहाला ते पडवीत बसले ते दिवेलागणीला उठले. एका बाजूला संध्या पानं वाचून दाखवतेय, समोर काशीबाई, दारात शालनआई. काशीबाईंचा नवरा गणू अधूनमधून येऊन एखादा शब्द टाकून जायचा. दोनदा नवराबायकोचं एकाच शब्दावरून वाजलं, तेव्हा प्राध्यापकांनी दोन्ही अर्थ लिहून घेतले. एकदा काशीबाई त्यांनाच म्हणाल्या, "तुमी लावणी केलीय का कधी? नाय ना? मग गप लिवा." आणि ते खरंच गप लिहीत राहिले. एका दिवसात त्रेचाळीस शब्द दुरुस्त झाले. जाताना त्यांनी उरलेल्या पानांचं कामही काशीबाईंना दाखवूनच पुरं करायचं ठरवलं, आणि त्याचे पैसे संध्याइतकेच त्यांनाही द्यायला पिंपळेबाईंना सांगितलं.

कोश २००६ ला निघाला. मधल्या काळात सापगावात रोज सहा-सात तास लाइट जायची, संध्याकडे आलेला नवा कॉम्प्युटर तसाच पडून राहायचा. मग रश्मी दारावरच्या वेळा खडूनं बदलायची आणि खिडकीच्या उजेडात कागदावर काम चालू राहायचं. एकदाही पान उशिरा आलं नाही.

पहिली प्रत मी स्वतः नेऊन दिली. आभाराच्या पानावर संध्याचं नाव होतं आणि त्याखाली "सौ. काशीबाई गणू निचिते". काशीबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी रश्मीकडून तीनदा वाचून घेतलं, नावावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्यांचं कशाला घातलं मधी? ह्ये तर निस्ते चा प्यायाला येत व्हते." गणूकाका कुणाकडे न बघता चहा पीत राहिले.

मी २००९ ला ते ऑफिस सोडलं. त्याआधी शेवटचा सापगावला गेलो होतो तेव्हा पडवीत दुसरं टेबल आलं होतं. मुरबाड तालुक्यातल्या धसईची सरस्वती नावाची मुलगी संध्याकडे मुद्रिततपासणी शिकत होती. हुशार होती. दोन महिन्यांतच म्हणाली, "ताई, आता मी घरूनच करू का? रोजचं दोन बस बदलून येणं वाचेल."

मला वाटलं, संध्या तिला एखादं अवघड पान तपासायला देऊन परीक्षा घेईल. तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "दुपारी जेवायला कुणाबरोबर बसशील?"

सरस्वती गोंधळली. "एकटीच. घरचे शेतावर असतात."

"मग आधी त्याचं काहीतरी ठरवू," संध्या म्हणाली, "मग काम देते."