पूर्ण एक मिनिट

पेशंटचं मनगट हातात घेतलं, की डॉक्टरबाई दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवायच्या. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग पूर्ण एक मिनिट कोणी बोलायचं नाही.

बोरी अरब गावच्या शेतकऱ्याची ही लेक घाटंजीत आली, तेव्हा आमच्याकडे बाई डॉक्टर कोणी पाहिली नव्हती. आमच्या घराची समोरची खोली वडिलांनी दवाखान्याला दिली. पहिले दोन महिने लोक दारातूनच विचारत, "डॉक्टरसाहेब कधी येतीन?"

"आले ना. बसा," बाई म्हणत.

अमेरिकेतल्या पहिल्या डॉक्टरबाईला कोणी भाड्यानं खोलीही देत नव्हतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "मले तर खिडकीवाली भेटली," म्हणायच्या.

मला त्यांचं ते मिनिट खटकायचं. दिवसाला पन्नास पेशंट, म्हणजे पन्नास मिनिटं नुसती नाडीत. एकदा मी म्हटलंच, "बाई, पंधरा सेकंद मोजा अन् चारनं गुणा. उत्तर तेच येते."

"येते ना. नाडीले पंधरा सेकंद पुरतात, भाऊ. बाईले बोलाले मिनिट लागते."

तुम्हीही पाहिलं असेल. आजारी सून, आणि उत्तरं देते सासू. "पोट दुखते हिचं. बाकी काही नाही." बाईंचं बोट ओठांवर गेलं की सासू गप्प. चाळीस सेकंद काहीच नाही. मग सून खाली पाहत म्हणे, "अंगावरून जाऊन राह्यलं जी. दोन महिने झाले." औषध तिथून सुरू होई.

अशी चौतीस वर्षं. त्यांना स्वतःला कोणी विचारलं, तर "मले कायले काय होते!" एवढंच.

गेल्या वर्षी त्या त्याच खोलीत अंथरुणाला खिळल्या. दोन ऑपरेशनं झाली होती. तिसऱ्यासाठी न्यायला नागपूरहून भाचा आला. गाडी दारात, बॅग भरलेली.

"बाई, जायचं आहे ना तुमाले?" मी विचारलं.

"मावशी तयार आहे," भाचा म्हणाला. "काल हो म्हणाली."

बाई बॅगेकडे पाहत होत्या.

मी डॉक्टर नाही. तरी खुर्ची ओढली, त्यांचं मनगट धरलं आणि बोट ओठांवर ठेवलं. भाचा थांबला.

"जमते काय तुमाले?" बाई किंचित हसल्या.

मी घड्याळाकडे पाहून ठोके मोजू लागलो. हाताला नुसतं हाडच लागत होतं. दहा सेकंद. तीस. बाईंचं हसू कधी गेलं, कळलं नाही.

काटा पन्नासवर होता तेव्हा त्या म्हणाल्या, "थकली मी. कापाकापी नको आता. इथंच राहू द्या मले."

भाचा पेशंटच्या बाकावर बसला. मग उठला आणि गाडीत ठेवलेल्या उशा परत आत आणल्या.

त्यानंतर बाई तेवीस दिवस होत्या. खोली आता रिकामी आहे, घड्याळ चालू आहे. मी हिशेबी माणूस; पण त्या दिवशी त्यांची नाडी किती होती, असं विचाराल तर सांगता येणार नाही. शेवटचे दहा सेकंद मोजायचे राहिले.