फिरकी काकूंचं उसनं विरजण

काकूंच्या घरातून काही म्हणता काही बाहेर जात नाही. गेल्याच तर गप्पा जातात, आणि त्याही तिखटमीठ लावून घेऊन काकूंच्याच कानावर परत येतात. म्हणून त्यांचं नाव पडलं फिरकी. गोठ्यातलं शेण परसातल्या गोबरगॅसच्या टाकीत, टाकीतला गॅस शेगडीला, उरलेला राडा तळ्यात, त्यावर मासे पोसायचे, तळ्याचं पाणी भाज्यांना आणि भाज्यांचा पाला पुन्हा गाईपुढे. पाहुणे आ वासून बघतात. खुद्द काकूही, इतकी वर्षं झाली तरी, निळी ज्योत उठली की पातेलं हातात धरून क्षणभर थबकतात. शेणातून ही निळाई येते कुठून, ते त्यांना अजून उमगलेलं नाही.

नवी सून भारी टापटिपीची. तिने एकदा गोठा फिनेलने असा घासला की गाय घसरायचीच बाकी होती. पाणी नेहमीच्या पन्हळीने टाकीत गेलं. ज्योत पिवळी पडली, फुसफुसली आणि विझली. टाकीतले गॅस करणारे जंतूच मेले होते. सून दाराआड रडत राहिली. काकूंनी तिला बोल लावला नाही. आधी राड्याची तळ्याकडची वाट बुजवून मासे वाचवले, मग टाकीला कान लावला. एरवीची बुडबुड ऐकू येईना. तो राडा उपसून लांबच्या खड्ड्यात टाकावा लागला. त्या घरातून पहिल्यांदाच काहीतरी कायमचं बाहेर गेलं, आणि काकूंचा चेहरा उतरला.

नुसतं ताजं शेण भरून टाकी लवकर जागी होणार नव्हती. दुधाला विरजण लागतं, तसा चालू टाकीतला राडा हवा. चालू टाकी होती फक्त नणंदेकडे. आणि नणंदेने चारचौघांत काकूंच्या माशांना नाक मुरडलं, तेव्हापासून दोघींचा अबोला. काकू बादली घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या.

“वन्सं, विरजण हवंय.”

नणंदेने बादलीकडे पाहिलं. “माझं कुठलं, वहिनी? तुमच्याच टाकीतून आणलं होतं. न्या, पण मला जेवायला बोलवा. मासेच करा.”

मग एका सकाळी टाकीला कान लावून बसलेल्या सुनेने काकूंना नुसत्या हातानेच बोलावलं. आत बुडबुड चालू होती. काकूंनी काडी तिलाच ओढायला लावली. ज्योत सूंऽऽ करत निळी उठली. दोघी पातेली धरून तशाच उभ्या.

“आवाज जरा जास्त येतोय ना?” सुनेने घाबरत विचारलं.

“नणंदेकडे राहून आलीय,” काकू म्हणाल्या, “थोडी फणकारणारच.”