गांजा, भूकंप आणि गफूरभाईंची मांजर

आजारपणाविषयी कुणी विचारलं की मी रक्तदाबाचं सांगत आलो. गांजाचं सांगायचं वर्षानुवर्षं टाळलं. गफूरभाईंच्या मांजरीबद्दल तर घरातही कधी बोललो नाही.

"मुनीमजी, तुमचं हृदय ठणठणीत आहे," लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई ईसीजीची पट्टी बघत म्हणाल्या. "हा पॅनिक अटॅक आहे." म्हणजे समोर धोका नसताना शरीर घाबरून उठतं. छाती धडधडते, हात गार पडतात, आता आपण मरणार असं वाटतं. मग त्यांनी विचारलं, "गांजा ओढता का?"

मी नाही म्हणालो. शेजारच्या बाकावर गफूरभाई प्लास्टरमधला पाय लांब करून बसले होते. ते नुसते खोकले. मी हो म्हणालो.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमची गल्ली वाचली होती, पण झोप गेली होती. घरोघरी उशाशी स्टीलचे ग्लास उपडे करून एकावर एक रचलेले असत. जमीन हलली की ते पडणार, आवाज होणार आणि आपण बाहेर पळणार. मी रात्रभर त्या ग्लासांकडे बघत राही.

मी अडत दुकानात मुनीम होतो. बाजारातला मापाडी नागनाथ एकदा म्हणाला, "ओढा मुनीमजी, समदा भूकंप इसरून जाल." गोदामामागे चिलीम फिरायची. मी नको म्हणालो, तर सगळे हसले. "मुनीम भेला रे!" त्या हसण्यापायी मी पहिला झुरका घेतला.

खोटं सांगत नाही, सुरुवातीला हलकं वाटलं. झोपही लागली. पण पुढे पुढे भीती वाढून परत येऊ लागली. रस्त्यावरून ट्रक गेला तरी मी अंगणात पळायचो. तरी चिलीम सुटेना, कारण ती मंडळीही सुटेनात.

गफूरभाई आमच्या शेजारचे शिंपी. संध्याकाळी मला घरी न्यायला गोदामामागे यायचे. चिलीम पुढे आली की एकच वाक्य बोलायचे, "नको, मला सुई ओवायची हाय."

"सांजच्याला कसली सुई, चाचा?" नागनाथ टोमणा मारायचा.

"उद्याची."

उपदेश नाही, सबब नाही, चिडणं नाही. रोज तेच वाक्य, हसत. शेवटी तीच माणसं म्हणू लागली, "सुईवाले आले, चिलीम तिकडून फिरवा."

एका रविवारी दुपारी मी ओढून घरी आलो आणि आडवा झालो. पलंग हलल्यासारखा वाटला. मी ओरडत बाहेर पळालो, "भूकंप! भूकंप!" गल्ली रिकामी झाली. कुणाची अर्धी दाढी फेसात, कुणाचे हात पिठात. समोरचे काका टीव्ही उचलून आणि काकूंना आत विसरून आले. त्यावरून काकू पुढे कित्येक वर्षं त्यांना बोलत राहिल्या.

गफूरभाईंनी ओट्यावरून उडी मारली आणि त्यांचा घोटा मोडला. शिंप्याचा उजवा पाय, मशीन चालवायचा.

मी घरात जाऊन पाहिलं. ग्लास जसेच्या तसे उभे होते. मी ते हातानं पाडले. बाहेर येऊन म्हणालो, "गफूरभाईंच्या मांजरीनं ग्लास पाडले."

गफूरभाई जमिनीवर बसले होते. मांजर त्यांच्या काखेत होती. उडी मारताना ते तिला घेऊनच बाहेर आले होते. त्या गडबडीत हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यांनी मांजरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "हाव, लई बदमाश झालीय ही."

गल्लीच्या हट्टापायी मांजर औशाला त्यांच्या बहिणीकडे गेली. प्लास्टर दाखवायला जाताना गफूरभाई मला सोबत घेऊन गेले. म्हणाले, "चला, माझा पाय दाखवू, तुमची छाती दाखवू."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "ओढल्यावर थोडा वेळ बरं वाटतं. पण त्यानं अँक्झायटी, म्हणजे सतत लागून राहिलेली काळजी, वाढू शकते. डिप्रेशन, म्हणजे मनाची दीर्घ उदासी, त्यानं बरी होते असं मी म्हणणार नाही." त्यांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, श्वास सावकाश सोडायला शिकवलं. गांजा सोडताना चिडचिड झाली, झोप पुन्हा उडाली. मग हळूहळू परत आली. एका दुपारी बायकोनं त्याच ग्लासांत सरबत दिलं, तेव्हा रचलेले ग्लास घरात उरलेच नव्हते हे माझ्या लक्षात आलं. आम्ही दोघं खूप हसलो.

गफूरभाई डाव्या पायानं मशीन चालवायला शिकले. त्या पायाचा पहिला सदरा माझा. एक बाही लांब झाली होती. दिवाळीला मी तोच घातला.

आता आमच्या वरच्या खोल्यांत डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली राहतात. काही महिन्यांपूर्वी नायगावची शर्वरी म्हणाली, "आजोबा, मैत्रिणी म्हणून राहिल्यात की गांजानं टेन्शन जातं." तिला मी गांजाचं सगळं सांगितलं आणि सुईचं वाक्य दिलं. तिनं त्यावरून स्वतःचं वाक्य केलं: "नको, मला पहाटे उठायचंय." मनाच्या डॉक्टरांकडेही ती स्वतःहून गेली. आता जिन्यावरून तिचं गाणं ऐकू येतं.

गफूरभाई पुढे मुलाकडे नांदेडला गेले. मी एसटीनं भेटायला जायचो, मनात माफीचं वाक्य घोळवत. तोंड उघडलं की ते म्हणत, "आधी खिचडी खा, मुनीमजी." खिचडी संपेपर्यंत गप्पा रंगत आणि माझ्या गाडीची वेळ व्हायची. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

गफूरभाई, त्या दुपारी ग्लास मी पाडले. मांजर तुमच्या काखेत होती. मला माफ करा.