स्कूटरचा आरसा

श्रीकांत बोकारे यांचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे, आणि कारखान्याने त्यांना आयुष्यभर पगार दिला तो याच गुणासाठी. तपासणी विभागात त्यांनी मान डोलावल्याशिवाय एकही सुटा भाग पुढे सरकत नसे. पंचाईत एवढीच, की संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरताना हा गुण ते बसमध्ये ठेवून येत नसत. भोपाळला पिपलानीच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दूधवाला, प्लंबर, बायको, सगळ्यांची तपासणी चाले.

आता निवृत्ती तोंडावर आली होती. क्वार्टर सोडावं लागणार होतं. त्यांनी शाहपुऱ्यात तलावाजवळ एक भाड्याचं घर पसंत केलं, बायकोला, प्रमिलाताईंना, नेऊन दाखवलं. त्या नुसतं "बरं आहे" म्हणाल्या. या "बरं आहे"नं श्रीकांतरावांची झोप उडाली. त्यातून पुण्याच्या मुलाचा, अद्वैतचा, फोन आला की बाई हल्ली अंगणात जाऊन बोलत.

मग एकदा भाजीला निघताना त्यांना स्कूटरचा आरसा खाली वळलेला दिसला. त्यांनी तो नीट केला. दोन दिवसांनी पुन्हा तेच! म्हणजे ते कामावर असताना कुणीतरी बुटका माणूस स्कूटर चालवून बघत होता. म्हणजे गिऱ्हाईक. म्हणजे बाईंनी स्कूटर विकायला काढली. म्हणजे पुणं! सारा जन्म भोपाळमध्ये गेला, आणि आता मुलाच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखं अंग चोरून राहायचं? पण सरळ विचारायचा धीर होईना. ती "हो" म्हणाली तर?

शेवटी या भल्या माणसाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भर दुपारी क्वार्टरसमोरच्या मैदानाच्या कडेला चिंचेच्या झाडामागे जाऊन उभा राहिला. साठीच्या माणसाला हे शोभतं का, हे त्यांनी तपासलं नाही.

स्कूटर आली. मागून शेजारची क्षितिजा धावत होती. "काकू, ब्रेक आराम से! एकदम नका दाबू!" हेल्मेटच्या खाली ओळखीची निळी साडी होती.

श्रीकांतराव झाडामागून बाहेर आले. स्कूटर कशीबशी थांबली.

"अहो, तुम्ही? या वेळी?"

"पुण्याला जायचं ठरवलंयस ना? स्पष्ट सांग."

"पुण्याला? मी?" प्रमिलाताईंनी हेल्मेट काढलं. "माझ्या सगळ्या मैत्रिणी इथे पिपलानीत. शाहपुऱ्याहून बसनं यायचं म्हणजे अख्खी दुपार जाणार. आणि तुम्ही दिवसभर घरात डब्यांची झाकणं तपासत बसणार, तेव्हा मला कुठे जायला नको? अद्वैतला सांगितलं, तर तो म्हणाला शीक."

"मग मला का नाही सांगितलंस? मी शिकवलं असतं."

"तुम्ही पहिल्याच दिवशी नापास केलं असतं."

क्षितिजा दुसरीकडे बघू लागली. पुणं टळलं म्हणून श्रीकांतरावांचा जीव भांड्यात पडला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही बायको आपल्याला भिऊन चोरून शिकते, हे त्यांना फार लागलं.

"बसा मागे," प्रमिलाताई म्हणाल्या.

ते बसले. ब्रेकची तार सैल होती, मघाशी स्कूटर थांबतानाच्या आवाजावरूनच त्यांना कळलं होतं. घरी गेल्यावर आवळू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. स्कूटर डुगडुगत निघाली. सवयीनं त्यांचा हात आरसा वळवायला पुढे गेला. आरशात तिचं कपाळ दिसत होतं, घामेजलेलं, आठ्या पडलेलं. त्यांनी हात मागे घेतला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.