चंद्राबाईची तुळई

तात्या दारात उभे राहिले तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. ते चंद्राबाईचे थोरले भाऊ. निमगाव केतकीहून पानांची डालगी घेऊन बारामतीला येत, आणि आले की आमच्या ओट्यावर टेकून पाणी पीत. त्या दिवशी टेकले नाहीत. पटका काढून हातात धरला होता. म्हणाले, "चंद्री गेली, मास्तरीणबाई. हिवतापानं गेली. घरात हुतं न्हवतं ते समदं अंगावर घातलं, तरी थंडी हटंना…" मी हातातलं सूप खाली ठेवलं. ते खाली बघत पुढे म्हणाले, "सवाशीण गेली, म्हून हिरवा चुडा भरायचा हुता. गावात कासारीण ती येकटीच. दुसरी कुठनं आणायची? म्याच भरला. मला काय येतंय? निम्म्या तर फुटल्या." साऱ्या मुलखाच्या लेकीसुनांचे हात जिने भरले, तिचा शेवटचा चुडा असा भरला गेला.

मास्तरांची बदली बारामतीच्या शाळेत झाली आणि आम्ही गूळबाजारामागच्या खोल्यांच्या ओळीत राहायला आलो, तेव्हापासूनची चंद्राबाईची नि माझी ओळख. भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. तिचा नवरा सोलापूरच्या गिरणीत गेला तो पुन्हा फिरकला नव्हता. पण मेल्याचीही खबर नव्हती. म्हणून कपाळाचं कुंकू राहिलं आणि कुंकवापायी धंदा राहिला. "तितं दुसरी केली असंल तरी चालंल," ती हसत म्हणायची, "फकस्त जिता ऱ्हा म्हनावं. माजं दुकान चालतंय." खोली हेच तिचं दुकान. समोर बसलेल्या पोरीला ती आधी माहेरचं विचारायची. गाय व्याली का, आई कशी आहे, धाकटा भाऊ चालायला लागला का… पोर बोलण्यात गुंगली की हात आपोआप सैल पडे आणि बांगडी केव्हा वर चढली ते तिला कळतही नसे.

खोल्यांचे मालक गुळाचे आडते होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. बोलणं मोठं गोड. एकादशीला भाडेकरूंच्या मुलांना हातावर गुळाचा खडा ठेवायचे, आणि छपराचं नाव काढलं की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. खोल्यांवर मातीचं माळवद होतं. चंद्राबाईच्या खोलीची मधली तुळई वाळवीने पोखरलेली; काठी टेकवली की भुगा गळायचा. त्या वर्षी परतीचा पाऊस पिऊन वरची माती जड झाली आणि तुळईला लांबच लांब चीर गेली. चंद्राबाई आडतीत गेली. आप्पा म्हणाले, पाऊस उघडू दे. पाऊस उघडल्यावर गेली, तर म्हणाले, आता गुऱ्हाळं सुरू झाली, गडी कुठून आणू? तिसऱ्या खेपेला मी तिच्याबरोबर होते. आडतीत अंथुर्ण्याचे, वरकुट्याचे शेतकरी बसलेले. त्या सगळ्यांदेखत आप्पा म्हणाले, "चंद्राबाई, नवऱ्याला बोलवा की. घराची तुळई म्हंजी नवरा. त्योच पळाला, तर आता म्या किती टेकू लावू?" सारी आडत हसली. चंद्राबाईही त्यांच्याबरोबर हसली.

पुढे थोड्याच दिवसांत, भर दुपारी, तुळई आली खाली. लग्न ठरलेली एक पोर चुडा भरायला बसली होती. वर कडाडलं तसं चंद्राबाईने तिला दोन्ही हातांनी दाराबाहेर लोटलं. पोर ओट्यावर पडली, गुडघा फुटला, एवढंच. लोटणारीचा उजवा हात मात्र आत, तुळईखाली राहिला. मास्तरांनी आणि शेजारच्या शिंप्याने पहार घालून लाकूड उचललं. माती, काचा, रक्त यांतून हात कुठला ते ओळखू येत नव्हतं. दवाखान्यात चार बोटं काढावी लागली. आप्पा दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी आधी माळवदाला पडलेलं भगदाड पाहिलं, मग तिच्याकडे. म्हणाले, "माळ्यावर बांगड्यांच्या पेट्या रचल्या असशील. माजी तुळई मोडलीस तू." आणि जाता जाता, अगदी सहज, "अंगठा ऱ्हायला न्हवं? कागदाला तेवढा पुरं."

हे ऐकून ती रडली नाही, पण त्या दिवसानंतर तिच्या बोलण्यातली थट्टा गेली. ती आमच्याकडे निजायची, आणि उघड्या पडलेल्या खोलीचं भाडं मागायला आप्पांचा माणूस पहिल्यासारखाच यायचा. गावात एक तरुण वकील होते. त्यांची बायको हिच्याकडेच बांगड्या भरायची. मी चंद्राबाईला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "छपराची दुरुस्ती मालकाने करायची, असाच इथला रिवाज आहे. त्यांना लेखी कळवायचं. वाजवी मुदतीत त्यांनी केली नाही, तर तुम्ही करायची आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यायचा. कायदाच आहे तसा. आजचा नाही, जुना आहे." चंद्राबाईने हातावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "जुना हाय व्हय? मंग माज्या हाताच्या आदी कुठं हुता त्यो?" वकिलांनी मालकांना द्यायचा कागद लिहायला घेतला.

मालकांना कळवलं. उत्तर आलं नाही. वाट पाहून तिने आईची पुतळ्यांची माळ मोडली आणि सागाची तुळई आणली. वरकुट्याच्या सुताराने ती चढवली. माळवदाची माती मात्र चंद्राबाईने एका हाताने पाट्या उचलून स्वतः टाकली, तुडवली, धोपटली. "आता हत्ती नाचला तरी पडत न्हाय," म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली. मग भाडं वळतं करायला सुरुवात झाली आणि आप्पांनी थकबाकीची फिर्याद केली.

कोर्टात मी साक्ष दिली. पाहिलं ते सांगितलं. आप्पांच्या वकिलांनी चंद्राबाईला तुळईचं काही विचारलंच नाही. नवरा कुठे आहे, तो का गेला, घरी कोण कोण येतं, हेच फिरवून फिरवून विचारलं. मागे बसलेले लोक खिदळत होते. ती म्हणाली, "सायेब, तुळई पडली तवा नवरा न्हवता, आन मालकबी न्हवता. म्या हुते." आणि पदराखालचा हात वर करून धरला. निकाल तिच्या बाजूने लागला. दुरुस्ती मालकाची होती, तिने केली ते योग्य, वजावट बरोबर. तिने आप्पांच्याच आडतीतून गूळ विकत आणला आणि सगळ्या ओळीत वाटला.

तो गूळ पुरता संपलाही नव्हता, तेवढ्यात खोली खाली करण्याची नोटीस आली. आम्ही धावत वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "महिनेवारीची खोली आहे. पंधरा दिवसांची नोटीस दिली की मालकाला कारण सांगावं लागत नाही. दुरुस्तीचा हक्क तुमचा… राहण्याचा नाही." चंद्राबाईने विचारलं, "मंग माजी तुळई? ती काडून नेऊ?" ती काढली तर छप्पर येईल, नुकसानीचा दावा होईल, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात आम्हालाही नोटीस आली. मास्तरांना पगार होता, आम्हाला दुसरीकडे जागा मिळाली. तिला मिळेना. कोर्टात गेलेली बाई म्हटल्यावर बारामतीत दारं पुढे लोटली जायची. तिच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं ते चढ्या भाड्याने. आप्पा त्यांना वर बोट करून दाखवत होते, "सागाची हाय. शंभर वरीस बगायला नको."

ती निमगावला तात्यांकडे गेली. त्यांचं घर एकखणी, माणसं भरपूर. तिला गोठ्याचं एक टोक मिळालं. पलीकडे पानमळ्याचं पाणी, त्यामुळे जमिनीला सदा ओल. तिथे बसून ती डाव्या हाताने बांगडी चढवायला शिकली. आधी भाचीच्या हातावर, मग आठवडी बाजारात. बायका यायच्या, पण नव्या नवरीला आणायच्या नाहीत. मोडक्या हाताचा चुडा अपशकुनी, असं कुणीतरी उठवलं होतं. मी शेवटची भेटले ती त्या बाजारात. एका म्हातारीने नातीला तिच्यासमोरून दंडाला धरून उठवून नेलं. चंद्राबाई म्हणाली, "ती पोर कोण, वळखलीत का? जिला म्या भाईर लोटलं, तिची धाकटी भन." एवढं बोलून ती बांगड्या पुसत राहिली.

गेल्या पंधरवड्यात लेकीच्या बिऱ्हाडासाठी जागा बघायला मी इंदापूरला गेले होते. खोली बरी होती. मालक वयस्क, बोलायला सौम्य. त्याने पाणी दिलं आणि जावयांपुढे भाडेचिठ्ठी वाचली. भाडं, मुदत, पाणी… आणि शेवटी, "दुरुस्ती भाडेकरूने करावी, वजावट मिळणार नाही." मग आम्हाला समजावत म्हणाला, "ह्ये कासारणीचं कलम. आता समदेच मालक घालत्यात. त्याबिगर जागा न्हाय मिळत कुठं." लेकीने विचारलं, कोण कासारीण? "हुती कुनीतरी बारामतीची," तो म्हणाला, "लई भांडखोर. मालकाला कोर्टात वडलं तिनं."

मी म्हटलं, "तिचं नाव चंद्रभागा होतं."

"आसंल," तो म्हणाला, आणि सही कुठे करायची ते त्याने जावयांना बोटाने दाखवलं.