खालचा आकडा

माझी जीभ वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. गंगापूर रोडला माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. "ज्योत्स्नाताई मासे चांगले देतात, पण खेकसतात फार" ही माझी ख्याती. गिऱ्हाइकं तरी काय एकेक येतात! मासा मेला की पिशवीत घालून परत आणतात, जणू चप्पल बदलून हवी. अशांना मी झाडते आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण नानांना झाडायचं काहीएक कारण नव्हतं.

नाना सिडकोतले. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. कारागिराने भाग बनवायचा आणि नानांनी तो मोजायचा. मापात बसला तर पुढे, नाहीतर बाजूला. 'चालतंय की' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नसतील. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा एका टाकीच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ही उजवी काच अर्धा मिलिमीटर बाहेर आहे." मी म्हटलं, "मग नका घेऊ." त्यांनी दुसरी घेतली. ते गेल्यावर मी पट्टी लावून पाहिलं, तर मेली खरंच बाहेर होती.

टाकी हवी होती ती सुधाताईंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. या बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. पस्तीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले, घरी आल्यावरही तोंड बंद नाही, असं नानाच हसून सांगायचे. एका सकाळी पोळ्या लाटताना पडल्या. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोळ्यांना उजवीकडचं दिसेना. नाना म्हणाले, "टीव्ही बघत नाही ती. चित्र पळतं, तिला पकडता येत नाही. साधे मासेही नकोत, उजवीकडे गेले की तिच्या दृष्टीने नाहीसेच होतात. एका जागी राहील आणि तरी जिवंत असेल, असं काही आहे का तुमच्याकडे?"

इतकी वर्षं धंदा करते, पण असं नेमकं मागणारा माणूस पाहिला नव्हता. मी त्यांना खाऱ्या पाण्याची साठ लिटरची टाकी दिली. त्यात दगड, दोन नारिंगी मासे आणि जिवंत प्रवाळ. मधोमध हिरव्या बोटांचं एक मोठं प्रवाळ ठेवलं. रात्री ते मिटून मुठीएवढं होतं आणि सकाळी दिवा लागला की एकेक बोट बाहेर काढत चांगलं ताटलीएवढं फुलतं. खारी टाकी सांभाळणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळणं. पण नानांनी ती अशी सांभाळली की मी माझ्या गिऱ्हाइकांना त्यांचं नाव सांगायचे. रोजचं तापमान, रोजचा खारटपणा, सगळं टिपलेलं.

पाचव्या महिन्यात एके सकाळी सव्वानऊला त्यांचा फोन आला. मला वाटलं मासा मेला. नाना म्हणाले, "बोलली हो. दिवा लावला, ते फुललं, आणि बोट दाखवून म्हणाली, 'उघडलं'."

मी दुकानात उभ्या उभ्या रडले. खोटं कशाला सांगू?

वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की धागा इथेच सापडलाय, तो सोडू नका. रोज तेच दाखवा, तेच बोलू द्या, यातूनच पुढचे शब्द येतील. आणि आलेही. आधी 'हिरवं', मग 'मासा'. सुधाताईंची भाषा त्या टाकीतून एकेक शब्द करून वर येत होती, आणि हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

मग टाकीत शेवाळ धरलं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सुधाताईंचं सगळं करायला भागीबाई येतात, सिन्नरकडच्या. त्यांना ते दोन मासे कायम उपाशी वाटायचे. "लय बघत्यात हो माझ्याकडं," म्हणत त्या दिवसातून चार वेळा चिमूट सोडायच्या. न खाल्लेलं सगळं कुजून पाण्यात फॉस्फेट वाढलं, म्हणजे शेवाळाला खतच. दगडांवर हिरवे केस, काचेवर तपकिरी साय. हिरवी बोटं अर्धवटच उघडायला लागली आणि सुधाताई काचेकडे बघून हात झटकायला लागल्या.

नाना धावत आले. मी पाणी तपासलं. तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की जेवढं निळं होईल तेवढं फॉस्फेट जास्त. पॉइंट चार निघालं, म्हणजे बरंच. मी त्यांना फॉस्फेट ओढून घेणारे दाणे दिले. लोखंडाचेच असतात ते, काळपट तांबडे. नानांनी तळहातावर घेऊन पाहिले आणि म्हणाले, "हा तर गंज! आयुष्यभर गंज दिसला की माल परत पाठवला, आता घरी घेऊन चाललोय."

कसं वापरायचं ते त्या दिवशी मी नीट सांगितलं. आरओच्या पाण्यात धुवा, तांबडं पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत. जाळीच्या पिशवीत घाला, पाणी हळू वाहतं तिथे ठेवा, दाणे एकमेकांवर घासले तर भुकटी होते. साठ लिटरला दोन चहाचे चमचे, जास्त नाही. तीन दिवसांनी तपासा. पॉइंट एकच्या वर नको. एवढं सांगितलं आणि पाव किलोची अख्खी पुडी हातात दिली, कारण छोटी संपली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. शनिवार होता. दुकानातली मोठी टाकी कोपऱ्यातून गळायला लागली होती, मी गुडघ्यापर्यंत सलवार वर करून पाणी उपसत होते, बाहेर दोन गिऱ्हाइकं कटकट करत होती.

"ज्योत्स्नाताई, आज पॉइंट तीन आलं. तुम्ही वरची मर्यादा सांगितलीत. खालची किती?"

"कमी झालं ना? मग झालं तर."

"तसं नाही. मापाला दोन टोकं असतात. खालचं टोक सांगा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल."

काय बिघडलं असतं उत्तर दिलं असतं तर? 'पॉइंट शून्य तीन' म्हणायला किती वेळ लागतो? मला आकडा पाठ होता. प्रवाळालाही थोडं फॉस्फेट लागतंच. सगळं काढून घेतलं, आणि तेही भराभर, तर त्याचं मांस हाडावरून सुटतं. हे मी दुसऱ्यांना शिकवते! आणि मी काय बोलले? मी ओरडले, "अहो नाना, विमान उडवायचंय का आपल्याला? शून्य करा, शून्य! जेवढं कमी तेवढं चांगलं! आणि दर गोष्टीला फोन नका करत जाऊ हो!"

नाना "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा कुणी असता तर विसरून गेला असता. पण या माणसाने जन्मभर सांगितलेल्या आकड्याबरहुकूम काम केलं होतं. त्यांनी शून्य लिहून घेतलं. दोन चमच्यांनी शून्य होईना म्हणून चार केले. मग सहा. दर दोन दिवसांनी दाणे नवे. आठव्या दिवशी त्यांनी मला फोटो पाठवला, बाटलीतलं पाणी अगदी बिनरंगी, खाली लिहिलं होतं, 'शून्य आले.' मी फोटो मोठा करूनही पाहिला नाही. अंगठा पाठवून दिला.

त्यानंतर तीन दिवसांनी फोन आला तो भागीबाईंचा. "ताई, तुमी या बरं. त्या हिरव्या फुलाचं मांस गळतंय. नाना बोलत नाय काय."

मी स्कूटर काढली. जाऊन पाहते तर पाणी इतकं नितळ की काच आहे की नाही कळू नये. शेवाळ संपूर्ण गेलं होतं. आणि मधोमध प्रवाळाचं पांढरं हाड उभं. त्याला चिकटलेली दोन-तीन बोटं करडी होऊन लोंबत होती, तुकडे पाण्यात फिरत होते, आणि मासे ते तोंडात घेऊन थुंकत होते. बाकीची प्रवाळंही गेली होती. मी पिशवी काढली, पाणी बदललं, हात चालवत राहिले. उपयोग नव्हता. अति तिथे माती म्हणतात, इथे तर मातीही उरली नव्हती.

सुधाताई सगळं बघत होत्या. नानांनी पलंग फिरवायचा प्रयत्न केला होता, पण त्यांनी डाव्या हाताने खिडकीचा गज धरून ठेवला, सुटता सुटेना. चार दिवस त्यांनी ते मरताना पाहिलं. त्या चार दिवसांत आधी 'हिरवं' बंद झालं, मग 'मासा'. 'उघडलं' तर पहिल्याच दिवशी थांबलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी फोनमधला तो अंगठा पाहत बसले.

महिनाभराने मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. डब्यात दोन हिरवी प्रवाळं, दुकानातली सगळ्यात दणकट. दार नानांनी उघडलं. टाकी गॅलरीत पालथी घातली होती, धुऊन, पुसून, कोरडी. मासे नाना कुणाला तरी देऊन आले होते. आत सुधाताई टाकीच्या रिकाम्या स्टँडकडे तोंड करून पडल्या होत्या. पलंग अजूनही त्यांनी फिरवू दिला नव्हता. मी हाक मारली, हात हातात घेतला. माझ्याकडे पाहिलं, ओळखलंही असावं. ओठ हलले नाहीत. भागीबाई म्हणाल्या, उपचारवाल्या बाई येऊन गेल्या, आता नव्याने काही सापडतं का बघू म्हणाल्या.

डबा मांडीवर तसाच होता. मी म्हटलं, "नाना, चूक माझी होती. खालचा आकडा मला माहीत होता. मी चिडून काहीतरी बोलले, तेच तुम्ही केलंत."

"माहीत आहे," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "प्रवाळ मिटायला लागलं, त्याच दिवशी मला शंका आली होती. शून्य असं माप नसतं कशाचं. तीन वेळा फोन हातात घेतला."

"मग लावला का नाहीत?"

त्यांनी सुधाताईंच्या अंगावरची चादर सारखी केली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुम्ही ओरडता हो."